त्रेचाळिसावं केंद्र

टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप पावरा सिस्टरनी संगणकाचं काम बघणाऱ्या निनादच्या टेबलावर ठेवला. आवळीपाड्याच्या आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या कचेरीत यायला त्यांनी दोन एसट्या बदलल्या होत्या.

"औषधांची मागणी, रुग्णांच्या नोंदी मी रोज यात भरते. तुमच्याकडे पोचते का, तेवढं बघा."

"पोचत असणारच हो," म्हणत त्याने केंद्रांच्या नोंदी इकडे आणणारा सिंकचा प्रोग्राम उघडला. बेचाळीस केंद्रं, सगळी हिरवी, म्हणजे नोंदी नीट पोचताहेत. त्यात आवळीपाडा मात्र सापडेना. वरून खाली, खालून वर पुन्हा पाहिलं, आणि त्याला आठवलं. पावसाळ्याआधी त्यानेच सिस्टरना हा नवा लॅपटॉप दिला होता. त्याचं सबस्क्रिप्शन, म्हणजे त्यातल्या नोंदी इकडे घेण्याची सोय, यादीत जोडायचं तेवढं राहून गेलं होतं. यादीतच नसलेलं केंद्र लाल तरी कसं होणार?

त्याने लॅपटॉप सुरू केला आणि ते जोडलं. बांध फुटावा तशा तीन महिन्यांच्या नोंदी धडाधड येऊ लागल्या. सर्पदंशाचं इंजेक्शन, दहा. सर्पदंशाचं इंजेक्शन, तातडीने. सर्पदंशाचं इंजेक्शन, एक तरी पाठवा.

शेवटची नोंद परवाची होती. मुलगी, वय नऊ, सर्पदंश. इंजेक्शन नसल्याने पुढे पाठवली. वाटेतच गेली.

"मी फोनही केला होता," टॉवेलाची घडी घालत सिस्टर म्हणाल्या. "इथं सगळं हिरवं आहे, काळजी करू नका, म्हणालात तुम्ही."

निनादची मान वर होईना. स्क्रीनवर आता त्रेचाळीस केंद्रं होती. सगळी हिरवी.