केतकीची संमती

"तुमच्या केतकीला फोन द्या, वहिनी. नव्या कायद्यानं माहिती ठेवायला मुलीची स्वतःची संमती लागते. नाहीतर कोर्टाची पायरी मला चढावी लागायची," कुंदाताई हसत म्हणाल्या. समाजाचं वधूवर संकेतस्थळ त्या घरातूनच चालवायच्या आणि सकाळपासून एकेका घरी फोन लावत होत्या.

पलीकडून वहिनी म्हणाल्या, "ती गेली हो, गेल्या दिवाळीत. अपघातात. फोटो मी मुद्दाम ठेवला. अजून स्थळं येतात, मुलगी काय करते विचारतात. मीही सांगत बसते. राहू द्या ना."

तिचं नाव राहू द्यावं असं कुंदाताईंच्या फार मनात होतं. पण गेलेल्या पोरीचा फोटो कोण कोण न्याहाळत बसणार, आणि तिला आता विचारणार तरी कोण? "काढावं लागेल, वहिनी. जबाबदारी माझी आहे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मग ‘विवाह ठरला’ असं लिहून काढा. सगळ्यांचं तसंच काढता ना?" वहिनींचा आवाज लग्नघरातल्या बाईसारखा लगबगीचा झाला. "आणि कुणी विचारलं मुलगा कुठला, तर लांबचा आहे म्हणा."