दोन्ही हात मोकळे

आर्णीत जेबाचं लेकरांच्या सामानाचं दुकान होतं. कडेवर सहा महिन्यांचं बाळ घेऊन आलेल्या बाईला तिनं आधी पाठीवर बांधायचं बेबी कॅरियर दाखवलं.

"पाठीवरचं नको ताई, पुढं बांधाचं दाखवा. घामानं काचू नये अन् दोन्ही हात मोकळे राह्यले पाह्यजे."

जेबानं हौसेनं नवंकोरं कॅरियर काढलं, बाळाला तिच्या छातीशी बसवून पट्टे आवळून दिले. बाळ खुदकन हसलं. बाई खूश झाली.

"पण पाठीवर काहून नको म्हणता?" जेबानं सहज विचारलं.

"पाठीवर फवारणीचा पंप राह्यते ना! उद्यापासून कपाशीवर औषध माराचं हाये."

 स्वतःच आवळलेले पट्टे जेबा भराभर सोडायला लागली.