खणखणीत पाय

"अगं, थांब!" अप्पा ओरडले. त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि बायको झपाझप एसटी स्टँडकडे निघाली होती.

चालण्याने मेंदू तरतरीत राहतो, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून अप्पांनी तिला हाताला धरून रोज मैदानावर फिरवलं. स्वतःचे गुडघे कुरकुरले तरी खाडा केला नाही. तिचे पाय खणखणीत झाले. आठवणी मात्र एकेक करून गेल्याच.

ती थांबली. धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याकडे तिने कळवळून पाहिलं.

"माहेरी निघालेय. आजोबा, तुम्हीही रोज चालायला जात जा हो. आमचे हे मला न चुकता नेतात." तिने अप्पांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. "आज कुठे राहिले कोण जाणे!"