बॅटरीवरची खोली

कानांवर हेडफोन चढवून तो पडद्यावरच्या मित्रांना रंगात येऊन सांगत होता, "बघाल तुम्ही, घरोघरी कम्प्युटरच म्हाताऱ्यांची काठी होणार!"

तेवढ्यात बायकोने हेडफोन ओढून काढला. "अहो, वीज गेलीय! बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय. हाका मारून घसा बसला माझा!"

त्याच्या खोलीत सगळं बॅटरीवर. त्याला पत्ताच नव्हता. वायरी उपटून, बॅटरीचा जड डबा पोटाशी धरून तो धावला. मशीनची पिन त्यात खुपसली. "बाबा, श्वास घ्या... घ्या ना हो!"

मशीन घुमू लागलं. निळ्या ओठांवर हळूहळू रंग चढला, आणि हाती लागलेला पहिला श्वास बाबांनी बोलण्यातच खर्चून टाकला.

"माझ्यापायी तुझी सभा मोडली का रे?"