मधल्या भिंती

प्राचार्याबाई दारातच थबकल्या आणि त्यांच्या डोक्यात तिडीकच गेली. विभागाविभागांमधल्या भिंती पाडून त्यांनी सुट्टीत सगळ्या प्राध्यापकांसाठी एकच मोठी खोली करून घेतली होती. आज त्याच भिंतींच्या जागी छताला टेकणारी लोखंडी कपाटं उभी होती.

"कोणाचे हे उद्योग?" त्या कडाडल्या. "बहिऱ्या भावासाठी यंत्र बनवणारी ती पोर आठवते ना? भौतिकशास्त्राने तिला जीवशास्त्राकडे पिटाळलं, जीवशास्त्राने परत भौतिकशास्त्राकडे. पोर होती की चेंडू? कंटाळून कॉलेज सोडून गेली. काल तिच्या आईच्या विनवण्या करून तिला परत बोलावलंय मी, 'आता आमचे सगळे एकत्र बसतात' म्हणून! येईलच ती एवढ्यात. कोणत्या तोंडाने तिला आत आणू?"

आत उभे असलेले प्राध्यापक एकेक करून कपाटांच्या आड सरकू लागले.

"बोला ना! एकट्यादुकट्याचं काम नाही हे."

"नाहीच, मॅडम," गणिताचे सर चाचरत म्हणाले. "मापं मी काढली. भौतिकशास्त्राच्या सरांनी खाली पाइप घालून ही एवढाली धुडं अलगद सरकवली. आत झुरळांनी घरं केली होती, ती जीवशास्त्राच्या बाईंनी काढली. इतिहासाच्या सरांनी चहा केला सगळ्यांसाठी."

बोलता बोलता त्यांचा चेहरा नकळत उजळला.

"खरं सांगू का, मॅडम? इतकी वर्षं नोकरी झाली, पण मिळून काम करायला एवढी मजा येते, हे कालच कळलं."