मुकी पट्टी

“भाता तेवढा शिवा. ही पट्टी मुकी आहे, ती मुकीच राहू द्या.”

हे पाहुण्यानं सांगायची गरज नव्हती. पेटीवाल्या काकांना ते ऐन विशीपासून ठाऊक होतं. पाहुण्याची थोरली बहीण आपली गाणी आपणच रचायची, मैफलीत याच पेटीवर गायची, आणि प्रत्येक गाण्यात एका सुरापाशी येऊन थांबायची. नुसता श्वास. मग पुढची ओळ.

त्या थांबण्यावरच काकांचा जीव जडला होता. ती कुणाची तरी वाट बघतेय, असं त्यांना वाटे. त्या न पाहिलेल्या माणसाचा त्यांनी जन्मभर हेवा केला.

आतून काकूंनी हाळी दिली, “आली का हो माझी सवत?”

“नुसती पेटी आलीय.”

“मग चहा दोनच कप टाकते.”

पाहुणा हसला. “ताई आता गात नाही हो. अंथरुणाला खिळलीय. पण पेटी उशाशी लागते.”

काकांनी झाकण काढलं. भात्याच्या वाऱ्यानं वाजणारे पितळेचे चिमुकले सूर ओळीनं बसलेले, मधलं एक घर रिकामं. सवयीनं त्यांनी डब्यातून त्या मापाचा सुटा सूर काढून ओठांत धरला.

“फुंकू नका हं, पाहुणे दचकतील,” चहा ठेवत काकू म्हणाल्या. ही खोड उमेदवारीतली. बाहेर गिऱ्हाईक गाता गाता मुक्या पट्टीशी अडलं, की हे आतून सूर फुंकायचे आणि मालकाकडून कान पिळून घ्यायचे.

“हे काही विचारायचे नाहीत, मीच विचारते,” काकू पाहुण्याकडे वळल्या. “तुमची ताई थांबते तरी कुणासाठी?”

पाहुणा पेटीवरून हात फिरवत राहिला.

“तिलाही नाव ठाऊक नाही. पोरवयात ही पेटी दुरुस्तीला घेऊन गेली होती. तिथं गाऊन दाखवताना या पट्टीशी अडली, तर पडद्याआडून कुणीतरी नेमका तो सूर दिला. लाजून पेटीसकट पळून आली. धीर करून पुन्हा गेली, तोवर दुकानच उठलेलं. तेव्हापासून म्हणते, ती जागा त्याची.”

काकांच्या ओठांतला सूर आपसूक वाजला.