पहिला झटका
कोल्ह्याने पुन्हा कोंबडी पळवली, तेव्हा ह्यांनी खुराड्याला आणि भाजीच्या वाफ्यांना विजेच्या तारेचं कुंपण घालून घेतलं. “जीव जात नाही, नुसता झटका बसतो. पण एकदा बसला की जनावर जन्मात फिरकत नाही,” असं म्हणून वायरमनने मशीन सुरू केलं. ते टिकटिक करू लागलं. आता कोल्ह्याची खोड मोडणार म्हणून हे एवढे खुशीत, की कुंपणाच्या आतूनच ह्यांनी बाहेर बसलेल्या आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला नेहमीसारखी हाक मारली, “ढोल्या, ये रे राजा!” तो शेपूट हलवत धावत आला आणि त्याचं ओलं नाक तारेला टेकलं. केवढ्यांदा केकाटला! पण तारेकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिलं ते ह्यांच्याकडे. तेव्हापासून ह्यांची हाक आली की तो पलंगाखाली शिरतो. माझ्या हातून खातो, ह्यांनी दिलेल्या हाडाला तोंड लावत नाही. “विसरेल हो,” मी म्हणते. “अगं, त्याला वाटतंय मीच मारलं. कसं समजावू त्याला?” आज मात्र ह्यांनी हट्टच धरला. मला पट्टा धरून ढोल्याला कुंपणाजवळ उभं करायला लावलं आणि, “बघ रे, मलाही बसतो,” म्हणत चालू तार सरळ मुठीत पकडली. झटका बसला तसे हे कळवळून ओरडले. ढोल्याला तेवढं ओरडणंच कळलं. तो थरथरत जमिनीला चिकटला, सरपटत ह्यांच्या पायांशी गेला, पाठीवर उलटला आणि पोट वर करून माफी मागू लागला.